युद्धाचा बातमीदार आणि तटस्थपणा

बातमीदाराने कोणाचीही बाजू घेऊ नये, असे आपण सहज म्हणतो. पण डोळ्यांसमोर माणसे मरत असताना ते कसे साधावे? या प्रश्नावरचे दोन जुने इंग्रजी चित्रपट आम्ही मंडळातील काही ज्येष्ठांनी नुकतेच एकत्र बसून पाहिले.

'अंडर फायर' (१९८३) निकाराग्वातील १९७९ च्या उठावावर आहे. हुकूमशहा सोमोसाविरुद्ध लढणाऱ्यांचा पुढारी मारला गेला आहे. तो जिवंत वाटेल असा फोटो काढ, अशी गळ बंडखोर अमेरिकी छायाचित्रकाराला घालतात आणि तो काढतो. त्याची सहानुभूती आम्हाला पटली, फोटो पटला नाही. बँकेत ओळखीच्या माणसाचे कर्जप्रकरण आले की आम्ही ते दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देत असू. रणांगणावर दुसरा अधिकारी कुठून आणणार, हे मात्र खरे. पुढे सैनिक एका पत्रकाराला भर रस्त्यात गोळी घालतात. त्याचा खरा फोटोच शेवटी सोमोसाला भोवतो. कथा काल्पनिक असली तरी या प्रसंगामागे बिल स्टुअर्ट या वार्ताहराची २० जून १९७९ ची हत्या आहे.

'द किलिंग फील्ड्स' (१९८४) जास्त अस्वस्थ करतो, कारण त्यातली माणसे खरी आहेत. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे सिडनी शॅनबर्ग आणि त्यांचे कंबोडियन सहकारी डिथ प्रन. अमेरिकी विमानांनी चुकून एका गावावर बॉम्ब टाकले, तेव्हा आपल्याच देशाचे अधिकारी आडकाठी करत असताना शॅनबर्ग तिथे जाऊन पाहतात आणि लिहितात. इथपर्यंत तटस्थपणाला पैकीच्या पैकी गुण. पण एप्रिल १९७५ मध्ये ख्मेर रूजने नॉम पेन्ह घेतले. प्रन यांचे कुटुंब आधीच बाहेर पडले होते, प्रन मात्र कामासाठी थांबले होते. परदेशी पत्रकार सुटले, प्रन अडकले. बातमी खरी होती, पण तिची किंमत कोणी मोजली? १९७६ चे पुलित्झर पारितोषिक शॅनबर्ग यांनी प्रन यांच्याही वतीने स्वीकारले. तेव्हा प्रन जिवंत आहेत की नाही, हेही त्यांना ठाऊक नव्हते.

प्रन १९७९ मध्ये थायलंडला पोहोचले आणि पुढे त्याच वृत्तपत्रात छायाचित्रकार झाले. त्यांची भूमिका करणारे हाइंग न्गोर व्यवसायाने डॉक्टर होते. त्याच छळछावण्यांतून वाचलेल्या या गृहस्थांना पहिल्याच भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले.

दोन्ही चित्रपटांत हिंसा बरीच आहे. नातवंडांना शेजारी बसवू नये.