लिहायचे ‘एड’, म्हणायचे ‘ट्’

बारामती-इंदापूरकडच्या मराठी शाळेत इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचला जातो तेव्हा भूतकाळाची क्रियापदे लगेच कानावर येतात : वॉकेड, लाफेड, कॉलेड. स्पेलिंग चोख, काळ बरोबर. उच्चार मात्र अक्षर बघून केलेला. राज्यात मराठी शाळांतही २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी ही अडचण टिकून आहे.

या ‘एड’चे उच्चार तीन. कुठे कोणता, हे गळ्यातले स्वरतंतू ठरवतात. गळ्यावर बोट ठेवून ‘स्स्स’ म्हणा, मग ‘म्म्म’. दुसऱ्या वेळी थरथर जाणवेल. ‘वॉक’, ‘लाफ’, ‘पास’ यांच्या शेवटच्या ध्वनीत ती थरथर नाही, म्हणून मागून येणारा ‘ड्’ही ती सोडतो आणि ‘ट्’ होतो : वॉक्ट, लाफ्ट, पास्ट. ‘कॉल’, ‘रब’, ‘प्ले’ यांत ती आहे. तिथे कॉल्ड, रब्ड, प्लेड. क्रियापदच ‘ट’ किंवा ‘ड’ने संपत असेल, तर पुढचा ‘ड्’ त्याला चिकटून वेगळा ऐकूच येणार नाही. मग मध्ये स्वर येतो : वॉन्टिड, नीडिड.

हे आपल्या मुलांना परके नाही. कठोर आणि मृदू वर्ण ती मराठीच्या तासाला शिकतात. विपद् आणि काल जोडून विपत्काल होतो, तो कठोर ‘क’च्या शेजारामुळे. फरक इतकाच, की संधीत पुढचा वर्ण मागच्याला बदलतो आणि इंग्रजीत मागचा पुढच्याला. क्रियापदांच्या याद्या घोकून घेण्याआधी शिक्षकांनी इंग्रजीच्या तासाला व्यंजनसंधी फळ्यावर लिहावी, असे मला कळकळीने वाटते.

नियम असा आत मुरतो, हे जीन बर्को यांनी १९५८ मध्ये अमेरिकेत दाखवले. त्यांनी लहान मुलांना ‘रिक’सारखी बनावट क्रियापदे दिली. कधीही न ऐकलेल्या शब्दाचा भूतकाळ बहुतेकांनी अचूक केला : रिक्ट. ‘मॉट’पाशी मात्र बरीच अडली. म्हणजे ‘इड’चा स्वर तिथल्या मुलांनाही उशिरा जमतो.

आणि ‘वॉकेड’ निराधार नाही. इंग्रजीत एके काळी हा स्वर सर्रास उच्चारला जाई. तो गळू लागल्याबद्दल जोनाथन स्विफ्टने १७१२ मध्ये जाहीर नाराजी नोंदवली होती. ‘नेकिड’, ‘विकिड’ अशा काही विशेषणांत तो अजून आहे. ती तेवढी पाठच करावी लागतात.