सदिश एकच, घटक मात्र जागेनुसार

वेग, बल, विद्युत क्षेत्र यांसारख्या ज्या राशींना परिमाणाबरोबर दिशाही असते त्यांना सदिश म्हणतात, आणि ठरावीक दिशांना धरून सदिशाचे जे भाग पाडले जातात ते त्याचे घटक होत. सदिश निसर्गात असतो, तर घटक हे मोजणाऱ्याने निवडलेल्या निर्देशक पद्धतीवर अवलंबून असतात. रने देकार्त यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कार्तीय पद्धतीत परस्परांना काटकोनात असणारे सरळ अक्ष घेतात; या अक्षांच्या दिशा सर्वत्र सारख्याच असल्याने सदिशाचे घटक कोणत्या बिंदूपाशी काढले, याने काहीही फरक पडत नाही.

गोल, दंडगोल किंवा वर्तुळाकार रचनांचा अभ्यास करताना मात्र सरळ अक्ष गैरसोयीचे ठरतात, म्हणून तेथे अंतर आणि कोन यांवर आधारलेले वक्ररेषी निर्देशक वापरले जातात. अशा निर्देशकांची व्यापक मांडणी फ्रेंच गणितज्ञ गाब्रिएल लामे यांनी १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केली. या निर्देशकांचे वैशिष्ट्य असे की, येथे बिंदू बदलला की दिशाही बदलतात, आणि सदिशाच्या रूपांतरातील बहुतेक घोटाळ्यांचे मूळ याच गोष्टीत असते.

समजा, पठारावर सर्वत्र क्ष-अक्षाच्या दिशेने सेकंदाला ५ मीटर वेगाने वारा वाहत आहे, म्हणजे त्याचे कार्तीय घटक (५, ०) आहेत. (३, ४) या बिंदूपाशी, आरंभबिंदूपासून बाहेर जाणाऱ्या त्रिज्येचा एकक सदिश, म्हणजे एक एकक लांबीचा दिशादर्शक सदिश, (३/५, ४/५) असतो, तर तिला काटकोनात, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेचा एकक सदिश (−४/५, ३/५) असतो. वाऱ्याच्या सदिशाचा या दोघांशी अदिश गुणाकार केला, म्हणजे समान स्थानांवरील घटक गुणून त्यांची बेरीज घेतली, की ३ आणि −४ हे ध्रुवीय घटक मिळतात. ३ चा व ४ चा वर्ग मिळून २५ होत असल्याने वेग ५ च राहतो. उलट रूपांतरासाठी पहिल्या एकक सदिशाची ३ पट आणि दुसऱ्याची −४ पट यांची बेरीज केली की (५, ०) परत मिळतो. तोच वारा (०, ५) या बिंदूपाशी पाहिला, तर त्याचे ध्रुवीय घटक ० आणि −५ होतात. वारा बदललेला नसतो, बदललेली असते ती जागा.

पृथ्वीवरील पूर्व दिशाही अशीच जागेनुसार बदलते. पृथ्वीच्या केंद्राशी आरंभबिंदू, शून्य रेखांशाकडे जाणारा पहिला अक्ष, ९० अंश पूर्व रेखांशाकडे दुसरा आणि उत्तर ध्रुवाकडे तिसरा, असे अक्ष घेतल्यास पूर्वेचा एकक सदिश (−ज्या, कोज्या, ०) असा येतो. ज्या व कोज्या ही येथे रेखांशाच्या कोनाची त्रिकोणमितीय गुणोत्तरे होत. भारतातील श्रीहरिकोटा हे प्रक्षेपणस्थळ सुमारे १३.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने पृथ्वीच्या परिवलनाचा तेथील वेग पूर्वेकडे सेकंदाला सुमारे ४५२ मीटर असतो. रेखांश सुमारे ८०.२ अंश पूर्व असल्याने याच वेगाचे केंद्रीय अक्षांवरील घटक सुमारे −४४५, ७७ आणि ० येतात. फ्रेंच गयानातील कुरू हे प्रक्षेपणस्थळ सुमारे ५२.८ अंश पश्चिम रेखांशावर आहे. परिणामी तेथील पूर्व आणि श्रीहरिकोट्याची पूर्व यांच्यात सुमारे १३३ अंशांचा कोन आहे. म्हणूनच या दोन ठिकाणांचे पूर्वेकडील वेग सदिश म्हणून थेट बेरजेत घेता येत नाहीत. आधी ते एकाच कार्तीय पद्धतीत आणावे लागतात.

आणखी एक दक्षता प्रमाणाची घ्यावी लागते. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटर भरतो, तर ६० अंश अक्षांशावर त्याच्या जवळपास निम्माच. त्यामुळे तासाला अमुक अंश हा बदलाचा दर वेगाचा घटक ठरण्यापूर्वी त्याला स्थानिक लांबीने गुणावे लागते. सारांश, वक्ररेषी पद्धतीतील घटकांसोबत ते कोणत्या बिंदूपाशी मोजले हे नोंदवलेले नसेल, तर त्या आकड्यांवरून सदिशाची दिशा सांगता येत नाही, आणि अशी नोंद अपुरीच समजली पाहिजे.