शाळा मुलांपाशी गेली तेव्हा

वसई तालुक्यात शिक्षण दोन वेगळ्या चालींनी आलं. पश्चिमेला, समुद्राच्या बाजूच्या वाड्यांमध्ये, चर्चच्या आवारात शाळा उभ्या राहिल्या. सामवेदी, वाडवळ आणि कोळी घरांतल्या मुली तिथे शिकल्या आणि पुढे शिक्षिका, परिचारिका, कारकून झाल्या. पूर्वेला, मुंबई-अहमदाबाद महामार्गापलीकडे, पारोळ, भाताणे, सकवारच्या पाड्यांवर वारली, कातकरी आणि मल्हार कोळी मुलांना शाळा उशिरा दिसली. दिसली तरी तिचं वेळापत्रक त्यांच्या दिवसाशी जुळत नव्हतं. आताचा पालघर आणि तेव्हाचा ठाणे जिल्हा असा गेल्या ऐंशी वर्षांचा मागोवा घेतला, तर एक गोष्ट वारंवार दिसते. शाळेचं दार उघडं असूनही मूल आत येत नव्हतं. शाळेने आपली जागा आणि वेळ बदलली, तेव्हा ते आलं.

सुरुवात १९४५ सालापासून करावी लागते, कारण त्या एका वर्षात या पट्ट्यात दोन घटना घडल्या. मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठबिगार करायची नाही, असं त्यांनी ठरवलं. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा-बायको दोघंही वर्षानुवर्षं त्याच्याकडे राबायची. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलं आहे. आईबापच गहाण असतील, तर त्यांच्या मुलाच्या हाती पाटी कोण देणार? या भागातला शिक्षणाचा प्रश्न मुळात मजुरीचा प्रश्न होता, तो असा.

दुसरी घटना बोर्डीची. ताराबाई मोडकांनी तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचा पाया घालून त्या आल्या होत्या. माँटेसरीची पद्धत त्यांना ठाऊक होती आणि त्या पद्धतीची साधनं खेड्याला परवडणारी नाहीत, हेही ठाऊक होतं. त्यांच्या हाताखाली अनुताई वाघ आल्या. बालपणीच लग्न आणि लगेच वैधव्य, मग हट्टाने शिक्षण आणि पुण्यात शिक्षिकेची नोकरी, असा त्यांचा प्रवास होता. १९५७च्या सुमारास हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारल्यांच्या पाड्यांच्या मध्यावर.

कोसबाडला पहिला धडा शिक्षिकांनाच मिळाला. बालवाडी उघडून वाट पाहिली, तर मुलं येईनात. मग त्या पाड्यावर गेल्या. मुलांची नखं कापली, त्यांना आंघोळ घातली आणि बालवाडी तिथल्याच एखाद्या अंगणात भरवली. शिंपले, चिंचोके, खडे, पानं, काटक्या ही शिकवण्याची साधनं झाली. मोठ्या मुलांची अडचण निराळी होती. ती सकाळी गुरं घेऊन रानात जात, ती दिवस कलल्यावरच परतत. तेव्हा शाळाच रानात गेली. गुरं चरताहेत, पोरं झाडाखाली बसून मोजताहेत, अक्षरं गिरवताहेत, आणि एखादं जनावर दूर गेलं की मध्येच उठून त्याला वळवून आणताहेत. ही कुरणशाळा. दिवसभर कामावर असलेल्यांसाठी रात्रशाळा.

मुलींचं कोडं अधिक अवघड होतं. आठ-दहा वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटं भावंड असे. आई शेतावर किंवा मजुरीला जायची, तेव्हा घर या मुलीच्याच अंगावर असे. तिला शाळेत बोलवायचं, तर भावंडाची सोय शाळेनेच करणं भाग होतं. ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणली आणि या रचनेला विकासवाडी म्हटलं. मूल पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि ताई वर्गात. ही रचना कागदावर साधी दिसते; पण मुलीच्या शिक्षणाआड येणारी अडचण नेमकी हेरून शाळेची आखणी केल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडतं.

ताराबाई १९७३ साली गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि बोर्डी-कोसबाडच्या अंगणात रुजलेली अंगणवाडी देशभर पोचली. अनुताई १९९२पर्यंत काम करत राहिल्या. १९८२ साली त्यांनी रमेश पानसे यांच्यासह ग्राममंगल ही संस्था उभी केली. डहाणू तालुक्यातल्या ऐने गावी तिची शाळा चालली. घरी वारली बोलणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी पुस्तकी मराठीत गप्प बसवायचं नाही, ही जाण अशाच कामांतून आली.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातली गोष्ट तोवर पुढे सरकली होती, पण तिथेही मुलींची वाट अंतरानेच अडवली होती. मॅट्रिकपर्यंतची शाळा गावात मिळे. पुढचं शिकायचं तर लोकल पकडून मुंबई गाठावी लागे. मुलाला पाठवणारं घर मुलीच्या बाबतीत विचारात पडे. १९७१ साली वसई रोडला विद्यावर्धिनीचं अण्णासाहेब वर्तक महाविद्यालय निघालं आणि पदवी घराजवळ आली. १९८४ साली संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालय आलं, १९९४ साली विद्यावर्धिनीचं अभियांत्रिकी महाविद्यालय. ज्या घरात मुलीने कॉलेज करायचं की नाही असा प्रश्न होता, तिथे आता कुठल्या कॉलेजात जायचं एवढंच ठरवायचं राहिलं.

या हिशेबात रेल्वेलाही धरलं पाहिजे. १९९२ साली चर्चगेट ते बोरिवली अशी लेडीज स्पेशल सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत वाढली. विरार लोकलची गर्दी ज्यांनी सोसली आहे, त्यांना त्या गाडीचं मोल सांगायला नको. एप्रिल २०१३मध्ये उपनगरी सेवा डहाणूपर्यंत गेली, तशी सफाळे, पालघर, बोईसरच्या मुलींनाही वसई-विरारची कॉलेजं जवळ आली. शिक्षण खात्याच्या अहवालात या गाड्यांची नोंद कुठेच नसते.

पूर्व पट्टीत मात्र १९८० उजाडलं तरी वेठबिगार संपली नव्हती. कायदा १९७६ सालचा होता. तो पाड्यावर पोचवायला माणसं लागली. विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांनी १९७९ साली विधायक संसद स्थापन केली आणि १९८२ साली श्रमजीवी संघटना उभी राहिली. लग्नाच्या कर्जात अडकलेली कुटुंबं त्यांनी सोडवली. १९९९ साली या दोघांना ‘अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल’ या संस्थेचा पुरस्कार मिळाला. कुटुंबं मोकळी झाली, पण पोटासाठी स्थलांतर चालूच राहिलं. दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडहून आगाऊ उचल घेतलेली कुटुंबं वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शाळेचं अख्खं दुसरं सत्र त्यात जातं.

भट्टीवरचं काम पहाटेच्याही आधी सुरू होतं. बाप चिखल तुडवतो, आई साचा भरते, आणि उन्हं चढली की वाळत घातलेल्या कच्च्या विटा पलटायचं काम पोरांकडे येतं. हात लहान असले तरी कामाला पुरतात. विधायक संसदेने १९९०च्या दशकात या मुलांसाठी भट्टीवरच शाळा भरवल्या. मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीला भोंगा म्हणतात, म्हणून या भोंगा शाळा. वेगवेगळ्या गावांतली, वेगवेगळ्या इयत्तांतली पोरं एकाच भोंग्यात बसत. शिकवणारे बहुधा आसपासच्याच गावांतले शिकलेले तरुण असत. रानात गेलेली शाळा चार दशकांनी वीटभट्टीवर आली, ती एका जिल्ह्याच्या आतच. पुढे हंगामी वसतिगृहं आणि स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसू देणारं शिक्षण हमी पत्रक अशा सरकारी सोयी आल्या. त्या जिथे नीट चालतात, तिथे मूल पटावर टिकतं. जिथे फक्त कागदावर असतात, तिथे मार्चमध्ये वर्गातली अर्धी नावं नुसती हजेरीतच असतात.

सरकारने मुलींसाठी रोख मदतीचाही मार्ग धरला. १९९२ साली पहिली ते चौथीच्या गरीब आणि आदिवासी, दलित, भटक्या-विमुक्त घरांतल्या मुलींना हजेरीमागे रोज १ रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. तेव्हा त्या रुपयाला काही किंमत होती. महागाई कुठल्या कुठे गेली, तरी रुपया वर्षानुवर्षं रुपयाच राहिला. दुसऱ्या टोकाला, जुलै २०२४मध्ये ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शंभर टक्के शुल्क माफ झालं. निर्णय मोठा आहे, पण तो बारावी पार केलेल्या मुलीचा आहे. भाताण्याच्या पाड्यावरची मुलगी सातवी-आठवीनंतर गळते, कारण माध्यमिक शाळा लांब असते आणि वाटेवर एसटी वेळेवर नसते.

त्यात शहर वाढलं. २००९ साली वसई-विरार महापालिका झाली. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर होती. तरी हद्दीतल्या मराठी शाळा पुढे अनेक वर्षं जिल्हा परिषदच चालवत राहिली. नालासोपाऱ्याच्या चाळींत उत्तरेतून आलेल्या घरांची मुलं आहेत, महामार्गाकडेच्या झोपड्यांत कातकरी मुलं आहेत. परवडणारी शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे का, हा दोघांचाही प्रश्न एकच आहे.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. राज्याच्या नियमांत प्राथमिक शाळा १ किलोमीटरच्या आत हवी, असं आहे. २०२३ साली मात्र वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचे प्रस्ताव राज्याने मागवले. इमारत चांगली होईल, शिक्षक पुरे पडतील, मुलांना गाडीने आणू, असा त्यामागचा हिशेब. पण कमी पट असतो तो पाड्यावरच, आणि गाडी बंद पडली की पहिली घरी राहते ती मुलगीच. ऐंशी वर्षं या जिल्ह्यात जे जे टिकलं, त्यात अंतर कापायचं काम शाळेने केलं होतं. ते काम पुन्हा मुलांवर ढकलणाऱ्या प्रत्येक योजनेला पालघरने आधी एकच प्रश्न विचारावा: कडेवर भावंड असलेली दहा वर्षांची मुलगी तिथवर पोचेल का? उत्तर नाही असेल, तर ती योजना आणखी कितीही जागा दाखवो, त्यातली एकही तिची नाही.