शेतवस्तीवरील आत्मरक्षण व पिस्तुलाची निवड

गांवठाणापासून दूर मळ्यांत राहणाऱ्या शेतकऱ्याच्या मनांत, रक्षणासाठीं एखादें लहान हत्यार जवळ बाळगावें काय, हा विचार कधीं ना कधीं येतोच. मालाची रोख रक्कम बाजारांतून घरीं आणावी लागते, रात्रीं पिकास पाणी धरावयास जावें लागतें, आणि हांकेच्या अंतरावर शेजारी नसतो. अशा वेळीं दुकानदारासच "चांगलें पिस्तूल कोणतें?" असें विचारून मोकळें होण्याचा मोह होतो. परंतु बियाणें निवडण्यापूर्वीं जमीन पाहावी लागते, हें ज्यास ठाऊक आहे त्यास हेंहि पटेल कीं, हत्यार निवडण्यापूर्वीं गरज, कायदा, हात व घर या चार गोष्टी पाहावयास पाहिजेत. या चारहि कसोट्यांस उतरेल तेंच हत्यार चांगलें. आणि यांपैकीं एकहि कसोटी न उतरल्यास हत्यार न घेणें हीच शहाणपणाची निवड होय, असें आमचें मत आहे.

गरज कोणती?

पिकाचें रक्षण व जिवाचें रक्षण या दोन गरजा निराळ्या आहेत, आणि त्यांचीं साधनेंहि निराळीं आहेत. रानडुकरें व रोही यांच्या उपद्रवावर पिस्तूल मुळींच उपयोगी नाहीं. त्याची नळी तीन-चार इंचांची, गोळी हलकी, आणि नेम धरण्याच्या पुढील व मागील खुणांमधील अंतर अगदीं थोडें असतें. त्यामुळें अंधारांत पंधरा-वीस पावलांपलीकडे धांवत्या जनावरास गोळी लागणें हा केवळ योगायोग ठरतो. लागलीच, तर रानडुकर जागीं न पडतां जखमी होऊन अधिकच चवताळतें. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें परवानगीवांचून अशा जनावरांची शिकार करणें हा गुन्हा आहे, आणि बिबट्या तर त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वांचविण्यासाठीं सद्‌बुद्धीनें केलेलें कृत्य कायदा गुन्हा मानीत नाहीं हें खरें. परंतु ज्या उसांत बिबट्याचा वावर आहे तेथें प्रखर दिवा, सोबती व मोठा आवाज यांनीं जें साधतें, तें कंबरेच्या पिस्तुलानें साधत नाहीं.

मग लहान हत्याराची खरी जागा कोणती? माणसाकडून, अगदीं जवळून, जिवावर हल्ला होईल असें सकारण भय ज्यास आहे, त्याचाच विचार येथें करावयाचा. केवळ वस्तीच्या रक्षणाचा प्रश्न असेल तर दुनळी बंदूक पिस्तुलापेक्षां बरी. कारण ती दोन्ही हातांनीं व खांद्याच्या आधारानें धरली जाते, व तिचा नेम सोपा असतो. पिस्तुलाचा विशेष एवढाच कीं तें प्रवासांत अंगावर झांकून नेतां येतें. ही सोय ज्यास खरोखर लागत नाहीं, त्यानें पिस्तुलाच्या मागें लागूं नये.

कायद्याची मर्यादा

१८७८ च्या कायद्यानें परकी सरकारनें या देशांतील रयतेस निःशस्त्र केलें. त्याविरुद्ध राष्ट्रसभेनें आवाज उठविला, आणि १९३१ च्या कराची येथील मूलभूत हक्कांच्या ठरावांत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाहि समावेश झाला. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. आज चालतो तो हाच, व त्याखालील नियम २०१६ चे आहेत.

या अधिनियमाचें १३ वें कलम शेतकऱ्यानें समजून घ्यावें असें आहे. रक्षणासाठीं किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, किंवा खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठीं ठासणीची बंदूक मागितल्यास, अन्य कांहीं हरकत नसेल तर परवाना द्यावा, असें तेथें म्हटलें आहे. ठासणीच्या बंदुकीनें भागणार नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास पिकासाठीं दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकहि मिळूं शकते. पिस्तूल व रिव्हॉल्वर यांची गोष्ट तशी नाहीं. त्यांसाठीं अर्जदारापाशीं सबळ कारण आहे, अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. म्हणून धमकीची किंवा दरोड्याची फिर्याद पोलीस ठाण्यांत नोंदलेली असल्यास तिची नक्कल अर्जासोबत जोडावी.

अर्जदाराचें वय २१ वर्षें पूर्ण असावें लागतें. अर्ज जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्याकडे, व पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत आयुक्ताकडे करावयाचा. पोलिसांची चौकशी होते. हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. व शस्त्र हाताळण्याचें शिक्षण घेतल्याचें प्रमाणपत्र लागतें. २०१९ च्या दुरुस्तीनें एका माणसास तीनऐवजीं दोनच अग्निशस्त्रें ठेवतां येतात, आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पांच वर्षें झाली. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आंत राहणाऱ्यांनीं हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, तेथें नवा परवाना देण्यापूर्वीं मुख्य वन्यजीव रक्षकाची संमति लागते.

कोणी स्वस्तांत गावठी कट्टा देऊं करील. त्यास दारांतहि उभें करूं नये. परवान्यावांचून अग्निशस्त्र बाळगणाऱ्यास किमान दोन व कमाल पांच वर्षांची कैद सांगितली आहे. आणि साध्या नळापासून केलेली नळी स्फोटाचा दाब न सोसून धरणाऱ्याच्याच हातांत फुटते, हा धोका निराळाच.

रिव्हॉल्वर कीं पिस्तूल?

९ मिलिमीटरचें पिस्तूल सामान्य नागरिकास निषिद्ध आहे. आपल्याकडे परवान्यावर बहुधा मिळतें तें .३२ मापाचें हत्यार. हें माप इंचाचें आहे; म्हणजे गोळी सुमारें ८ मिलिमीटर जाडीची. कानपूरच्या सरकारी कारखान्याचें .३२ चें रिव्हॉल्वर पुष्कळ वर्षें प्रचारांत आहे. तेथेंच २०१४ सालीं विशेषेंकरून स्त्रियांसाठीं 'निर्भीक' हें सुमारें ५०० ग्रॅम वजनाचें रिव्हॉल्वर निघालें, आणि २०२३ सालीं 'प्रबल' हें बाजूस उघडणारें रिव्हॉल्वर आलें. पिस्तुलांत सरकारी कारखान्याचें 'अशनी' पुष्कळांच्या माहितीचें आहे.

दोन्ही जातींवर .३२ हा एकच आंकडा असला तरी त्यांचीं काडतुसें एक नव्हेत. रिव्हॉल्वरचें काडतूस लांब व रुंद कांठाचें, पिस्तुलाचें आंखूड असतें. एकाचें दुसऱ्यांत घालण्याचा प्रयत्नहि करूं नये, व खरेदीच्या वेळीं परवान्यांतील शब्द ताडून पाहावा.

रिव्हॉल्वरमध्यें सहा घरांचा एक फिरता दंडगोल असतो. चाप ओढला कीं तो एक घर पुढें फिरतो, घोडा मागें जाऊन पडतो व बार उडतो. एखादें काडतूस फुसकें निघालें तरी पुन्हां चाप ओढतांच पुढचें काडतूस समोर येतें. दुसरी खटपट करावी लागत नाहीं. उघडून पाहिल्याबरोबर तें भरलेलें आहे कीं रिकामें हें डोळ्यांस दिसतें. वैगुण्य म्हणजे दंडगोलामुळें तें कंबरेशीं फुगतें, आणि चापाचा ओढा जड असतो.

पिस्तूल चपटें असतें, म्हणून कपड्यांखालीं बेमालूम राहतें. मुठींतील मॅगझिनमधून काडतुसें एकामागून एक वर चढतात. परंतु पहिलें काडतूस नळींत घेण्यास वरचा सरकता भाग जोरानें मागें ओढावा लागतो. काडतूस अडकल्यास तें काढण्याचा सराव लागतो. धूळ व घट्ट झालेलें तेल यांचा त्यास त्रास होतो. सर्वांत मोठा धोका असा कीं, मॅगझिन काढलें तरी नळींत चढलेलें एक काडतूस तसेंच राहतें. "रिकामें आहे" असें समजून चाप ओढल्यानें अपघात होतात ते याच कारणानें.

ज्यास महिन्यांतून नियमानें सराव करण्यास सवड नाहीं, व ज्याचें हत्यार धुळीघामांत वावरणार, त्यास आम्ही रिव्हॉल्वरच सुचवूं. सराव ठेवणाऱ्या व झांकून नेण्याची गरज मोठी असलेल्या माणसानें पिस्तुलाचा विचार करावा.

हातास कसें बसतें?

दुकानांत हत्यार रिकामें असल्याची प्रथम स्वतः खात्री करून घ्यावी, मगच तें हातीं धरावें. मूठ धरल्यावर नळी मनगटाच्या सरळ रेषेंत यावी, आणि तर्जनीचें पहिलें पेर चापावर सहज पोंचावें. बोट ताणावें लागत असेल तर नेम बाजूस जातो. पिस्तुलाचा सरकता भाग पांच-सात वेळां मागें ओढून पाहावा. संधिवात असलेल्या किंवा वयस्क माणसास तो न ओढवल्यास पिस्तूल नको. हलकें हत्यार नेण्यास सुखाचें, पण उडवितांना हातास अधिक धक्का देतें; जड हत्यार कमी उसळतें, पण तें घरींच ठेवण्याकडे माणसाचा कल होतो. दोहोंमधील मध्य ज्याचा त्यानें आपल्या मनगटावरून ठरवावा. जुनें हत्यार घेतांना नळी उजेडाकडे धरून आंतील गंज पाहावा, आणि रिव्हॉल्वरचा दंडगोल चाप ओढला असतां हलतो काय, हें तपासून घ्यावें.

अंगावर बाळगणें

नियमाप्रमाणें सार्वजनिक जागीं लहान हत्यार म्यानांत व पूर्णपणें झांकलेलें असावें लागतें. हा नियम शहाणपणाचाहि आहे; कारण दिसणारें हत्यार चोरास प्रथम हिसकावून घेण्याची वस्तु दाखवितें, व बाजारांत उगाच वाद पेटवितें. म्यान जाड चामड्याचें, चाप पूर्ण झांकणारें व कंबरपट्ट्यास घट्ट बसणारें असावें. बंडीचा खिसा, धोतराची कनवट, ट्रॅक्टरची पेटी किंवा मोटारसायकलची डिकी या हत्याराच्या जागा नव्हेत. घाम व खताची धूळ यांनीं पोलाद लौकर गंजतें; म्हणून आठवड्यास एकदां कोरडें पुसून तेलाचा पातळ हात द्यावा. लग्नांत किंवा मिरवणुकींत बार काढणें हा तर २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, व त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत.

घर तयार आहे काय?

हत्यार भिंतींत पक्क्या बसविलेल्या लोखंडी कपाटांत, काडतुसें निराळ्या कुलपांत, आणि किल्ली घरधन्यापाशीं असावी. उशीखालीं किंवा माळ्यावर ठेवलेलें हत्यार प्रथम चोरास नव्हे, लेंकरांस सांपडतें. परवाना ज्याच्या नांवाचा, हत्यार त्याच्याच हातीं राहावें. मुलाच्या किंवा सालगड्याच्या हातीं देऊं नये. हरवल्यास ताबडतोब ठाण्यांत वर्दी द्यावी. निवडणुकीच्या काळांत जमा करण्याचा हुकूम मिळाल्यास जमा करून पावती घ्यावी. परवानाधारक वारल्यावर हत्यार घरांत तसेंच ठेवणें बेकायदेशीर आहे. वारसानें तें पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करून मग स्वतःसाठीं अर्ज करावा.

याहून नाजूक गोष्ट सांगणें आम्हांस प्राप्त आहे. ज्या घरांत बांधावरून भाऊबंदकी पेटली आहे, कोणास दारूचें व्यसन आहे, किंवा कर्जानें अथवा नापिकीनें कोणाचें मन खचलें आहे, त्या घरांत हत्यार आणूं नये. असल्यास तें कांहीं काळ बाहेर जमा करावें. क्षणाचा राग किंवा निराशा ओसरते, परंतु उडालेला बार परत येत नाहीं. चोराच्या भयानें आणलेलें हत्यार आपल्याच माणसावर उलटण्याचें भय अशा घरांत अधिक असतें.

चाप केव्हां ओढावा?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलांत आहे, व तिच्या ३४ ते ४४ या कलमांत आत्मरक्षणाचा हक्क सांगितला आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीति उत्पन्न करणारा हल्ला, जबरी चोरी, सूर्यास्तानंतरची घरफोडी, राहत्या घरास आग लावणें, अशा प्रसंगीं हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंतहि हा हक्क जातो. परंतु शेतांतील कणसें, मोटार किंवा केबल चोरून पळणाऱ्यावर, जिवास धोका नसतां, प्राणघातक गोळी झाडण्याचा हक्क कोणासहि नाहीं. सरकारी मदत मागण्यास अवसर असेल तर हक्कच उरत नाहीं, आणि जरुरीपेक्षां अधिक इजा केल्यास रक्षणकर्ताच आरोपी ठरतो. म्हणून प्रथम दार आंतून बंद करावें, दिवा लावावा, आरडाओरड करून शेजार जागा करावा आणि ११२ या क्रमांकावर पोलिसांस कळवावें. हत्यार हा शेवटचा उपाय होय.

हें सर्व वाचून ज्यास वाटेल कीं आपणांस पिस्तूल नको, त्यानें पक्कें दार, आवारांत दिवा व दोन जागतीं कुत्रीं यांवर पैसा खर्चावा. तो वायां जाणार नाहीं. ज्यास तरीहि गरज वाटेल, त्यानें अर्ज देण्यापूर्वींच जिल्ह्यांतील रायफल क्लबांत जाऊन दोन्ही जातींचीं हत्यारें शिक्षकाच्या देखरेखीखालीं चालवून पाहावीं. आपल्या हातास काय पेलतें हें तेथें कळतें, आणि त्या अनुभवावर केलेली निवडच उपयोगी ठरते.