आधी ऑब्जेक्ट हाताळू द्या

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगची मुळं ओस्लोत आहेत. तिथल्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी सिम्युला ६७ ही भाषा घडवली. क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स या कल्पना तिच्यात होत्या. २००१चं ट्युरिंग पारितोषिक या दोघांना मिळालं.

विद्यापीठात हा विषय शिकताना मुलं अडखळतात ती बहुधा पहिल्याच तासाला. जावा घेतली, तर २०२५पर्यंतच्या आवृत्त्यांत ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ आधी लिहावंच लागायचं आणि त्यातल्या एकाही शब्दाचा अर्थ तेव्हा सांगता यायचा नाही. शिवाय सगळा प्रोग्राम ‘मेन’मध्येच कोंबला, की ऑब्जेक्ट दिसतच नाही! यावर मोनॅश विद्यापीठात मायकेल कोलिंग आणि जॉन रोझेनबर्ग यांनी काढलेला उपाय म्हणजे ब्लूजे हे मोफत सॉफ्टवेअर. त्यात ‘खातं’ या क्लासवर क्लिक करून दोन ऑब्जेक्ट बनवा; खाली दोन लाल चौकोन येतात. एकात पाचशे रुपये जमा करा, दुसऱ्याची शिल्लक तपासा. ती जागची हललेली नसते. क्लास एक आणि ऑब्जेक्ट अनेक, हे इथे डोळ्यांना दिसतं. तोंडी परीक्षेसाठी पाठ केलेल्या चार व्याख्यांपेक्षा हा प्रयोग कितीतरी मोलाचा.

पुढची पायरी म्हणजे शिल्लक ‘प्रायव्हेट’ करणं, म्हणजे ती फक्त जमा आणि काढ या मेथडमधूनच बदलेल. इनहेरिटन्सची घाई मात्र नको. बचत खातं हे खातंच असतं, म्हणून तिथे इनहेरिटन्स योग्य. ग्राहकाकडे खातं असतं, ग्राहक म्हणजे खातं नव्हे; तिथे ते चुकीचं.