निजामाची कंटिन्जंट फौज आणि वऱ्हाड

परक्या राज्यात मोजके लष्करी सल्लागार पाठवायचे आणि तिथल्या सरकारला बंडखोरांशी लढायला मदत करायची, हा विषय निघाला की व्हिएतनाम, ओमान, एल साल्वाडोर ही नावं येतात. मी मात्र तुम्हाला परतवाड्याला नेणार आहे. अचलपूरला लागून तिथं इंग्रजांची छावणी होती, एवढं आपण ऐकलेलं असतं. पण ती फौज कागदोपत्री निजामाची होती. वरचे अधिकारी तेवढे इंग्रज.

हे झालं कसं? 1800 च्या तहात असं ठरलं होतं, की युद्ध झाल्यास निजामानं आपलं 6,000 पायदळ आणि 9,000 घोडदळ मदतीला द्यावं. म्हणजे फक्त युद्धात, आणि तैनाती फौजेच्या जोडीला. ही निजामाची फौज कुचकामी आहे, तिला शिस्त लावू, असं म्हणत 1811 मध्ये आलेला रेसिडेंट हेन्री रसेल यानं इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली 'रसेल ब्रिगेड' उभी केली. पुढं वऱ्हाडातलं पायदळ, घोडदळ, अचलपूरच्या नवाब सलाबतखानाची पलटण, हे सगळं त्याच साच्यात आलं. दिवाण चंदुलाल यांची हरकत नव्हती. त्यांची खुर्चीच रेसिडेंटच्या पाठिंब्यावर उभी होती.

फौज लढायला चांगली होती, हे मान्य केलं पाहिजे. हदगाव भागातल्या नोव्ह्याच्या गढीत नौसाजी नाईक अरब शिपायांसह ठाण मांडून होते. जानेवारी 1819 मध्ये मेजर पिटमनच्या फौजेनं वेढा घालून ती गढी घेतली. 1849 मध्ये वऱ्हाडात एकानं आपण नागपूरचे अप्पासाहेब भोसले असल्याचं सांगून बंड केलं. तेही याच फौजेनं मोडलं.

आता प्रश्न असा, की तीस वर्षं बंडं मोडूनही बंडं संपत का नव्हती? उत्तर पगारात आहे. या फौजेचा खर्च वर्षाला 40 लाखांच्या घरात जायचा, आणि तो निजामाच्या तिजोरीवर. तिजोरीत पैसा नसे. मग पामर कंपनीकडून शेकडा 24-25 व्याजानं कर्ज. मग वऱ्हाडचा महसूल सावकारांकडे. आधी पुरणमल, नंतर पेस्तनजी यांची पारशी पेढी. इजारदाराला आपला पैसा वसूल करायचा असतो, तो कुणब्याला पिळणारच. गावं उजाड होतात, नाईक-जमीनदार गढीत जाऊन बसतात, आणि गढी पाडायला पुन्हा फौज. फौजेसाठी वसुली अन् वसुलीतून बंड! या चक्रातून बाहेर पडायचं तर आधी महसूल सुधारायला हवा होता. मेटकाफनं 1820 नंतर तसा प्रयत्न केला, पण तो टिकला नाही.

एल साल्वाडोरमध्ये 1980 च्या दशकात अमेरिकेनं स्वतःवर 55 सल्लागारांची मर्यादा घातली होती. तिथंही अत्याचार झाले, तेव्हा तो काही आदर्श नव्हे. पण पैसा अमेरिकेचा होता आणि त्यांची काँग्रेस हिशेब विचारायची. इथं नेमणूक रेसिडेंटची, पगार निजामाचा, आणि 'आता पुरे' म्हणण्यात कोणाचाच फायदा नाही. वरच्या हुद्द्यांची खोगीरभरती झाली. बिल भरणाऱ्या निजामाला हे साहेब लोक आपसात थट्टेनं 'पुअर निझी' म्हणत.

तहानं अशी कायमची फौज पोसायची सक्ती निजामावर नाही, हे खुद्द डलहौसीनं लिहून ठेवलंय. तरीही 45 लाखांच्या आसपासच्या थकबाकीपोटी त्यानं मुलूख मागितला. नासिरुद्दौला तयार नव्हते. सैन्य चालून येईल, असा इशारा त्यांच्यापर्यंत पोचवण्यात आला. 21 मे 1853 ला तह झाला आणि वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेलं. 1860 मध्ये रायचूर आणि धाराशिव परत मिळाले, वऱ्हाड नाही. 1902 मध्ये कर्झननं ते वर्षाला 25 लाखांवर कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतलं.

फौजेचं म्हणाल, तर 1903 मध्ये तिच्या पलटणी सरळ हिंदुस्थानी सैन्यात घेतल्या. त्यातूनच पुढं हैदराबाद रेजिमेंट झाली आणि 1945 मध्ये तिचं नाव कुमाऊँ रेजिमेंट पडलं. 3 नोव्हेंबर 1947 ला काश्मीरमध्ये बडगामला धारातीर्थी पडलेले मेजर सोमनाथ शर्मा, पहिले परमवीरचक्र विजेते, चौथ्या कुमाऊँचे. ती पलटण आपलं मूळ अचलपूरच्या सलाबतखानापर्यंत नेते.