कुटच्या वेढ्यातील शिपायांचे वंशज : सातारा व सांगली जिल्ह्यांतील स्मरणमेळाव्याचा विचार

प्रस्तावना

ऐतिहासिक लढायांच्या स्मरणाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या संग्रामाचे स्मरण दरवर्षी त्याच तिथीस पानिपतजवळील काला अंब येथे केले जाते. ४ फेब्रुवारी १६७० रोजी सिंहगड सर झाला, तो दिवस मराठा लाईट इन्फंट्री आपला दिन म्हणून पाळते. अशा प्रसंगी सरदार घराण्यांच्या वंशजांना निमंत्रित करणे तुलनेने सुलभ असते. कारण त्यांच्या वंशावळी, सनदा व कागदपत्रे उपलब्ध असतात. सामान्य शिपायाचे तसे नाही. पहिल्या महायुद्धातील कुट-अल-अमारा येथील वेढ्याच्या संदर्भात सामान्य शिपायांच्या वंशजांना एकत्र आणताना कोणत्या अडचणी येतात व त्या कशा दूर करता येतील, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, बगदादच्या रोखाने निघालेली सहावी (पुणे) डिव्हिजन नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनहून माघारी फिरली आणि टायग्रिसच्या काठी कुट येथे ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकली. या फौजेत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. उपासमार, स्कर्व्ही व गोळाबार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० लोकांनी तुर्की सैन्यापुढे शरणागती पत्करली. वेढा फोडण्याच्या प्रयत्नांत सुमारे २३,००० सैनिक मृत वा जखमी झाले. युद्धकैद्यांना वाळवंटातून चालवत नेण्यात आले. अनेक हिंदी शिपायांना रास-अल-ऐन येथे रेल्वेमार्गाच्या कामास जुंपले गेले. त्यांतील कित्येक परतले नाहीत.

संख्या आहे, नाव नाही

महायुद्धानंतर अनेक गावांत सरकारने संगमरवरी पाट्या बसविल्या. गावातून किती पुरुष युद्धावर गेले आणि किती मृत्यू पावले, एवढेच त्यांवर कोरलेले असते. सातारा जिल्ह्यातील ‘मिलिटरी अपशिंगे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावाचे ४६ जवान या युद्धात कामी आले व तेथे स्मारकही उभारले गेले. दुसऱ्या टोकाला बसऱ्याच्या स्मारकावर ज्यांची थडगी ज्ञात नाहीत अशा ४०,००० हून अधिक मृतांचे स्मरण केलेले आहे. परंतु तेथे हिंदी शिपायांची नावे न कोरता पलटणवार संख्या नोंदविली गेली. गावातही संख्या आणि रणभूमीवरही संख्या, अशी ही स्थिती आहे. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अंदाजे ४५,००० ते ५४,००० मृतांना स्मरणात समान वागणूक मिळाली नाही, असे मान्य करून क्षमा मागितली. त्यांत हिंदी सैनिकांचा वाटा मोठा होता. म्हणून वंशजांच्या मेळाव्याचे पहिले कार्य नावांची यादी सिद्ध करणे हेच ठरते.

जिल्ह्यांच्या बदललेल्या सीमा

यादी करताना होणारी एक चूक भूगोलातून उद्भवते. १९१६ साली सांगली जिल्हा अस्तित्वात नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. मिरज, सांगली, जत व औंध ही संस्थाने होती. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. परिणामी इस्लामपूर किंवा विट्याच्या आसपासच्या शिपायाची नोंद ‘सातारा’ अशी आढळणार आणि ‘सांगली’ असा शोध घेणाऱ्या नातवंडांच्या हाती काहीच लागणार नाही. दोन्ही जिल्ह्यांची यादी एकत्रच करावी लागते, ती याच कारणाने.

पलटणींचे क्रमांकही १९२२ मध्ये बदलले. १०३ वी पहिली, ११० वी तिसरी आणि ११७ वी पाचवी बटालियन झाली. घरात ‘जंगी पलटण’ एवढीच आठवण असेल, तर तिचा धागा १०३ व्या पलटणीपर्यंत नेता येतो. आडनावे सारखी व इंग्रजी लेखन अनियमित असल्याने केवळ नावावर विसंबता येत नाही. शिपायाचा क्रमांक, वडिलांचे नाव व गाव या तिहींचा मेळ बसणे आवश्यक आहे. घरी युद्धपदक असल्यास त्याच्या कडेवर क्रमांक, नाव व पलटण कोरलेली आढळते. याशिवाय दक्षिण महाराष्ट्रात घराण्यांच्या वंशावळी सांगणाऱ्या हेळवी समाजाच्या चोपड्या हे उपयुक्त साधन आहे.

वंशज कोणास म्हणावे?

मृतांपैकी अनेक जण अविवाहित तरुण होते. थेट वारसाची अट घातल्यास त्यांच्या वतीने कोणीच उपस्थित राहणार नाही. म्हणून भावाबहिणींच्या वंशजांनाही तोच मान मिळावा. तसेच ‘मराठा’ हे पलटणीचे नाव होते. तिच्यात दख्खनी मुसलमानही होते, आणि सैन्याबरोबर खेचरवाले, पाणके, डोलीवाले असे बिनलढाऊ लोकही होते. मेळावा एका जातीचा झाल्यास तो इतिहासाशी विसंगत ठरेल.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. हे शिपाई परकीय सत्तेसाठी लढले, आणि पुढे याच परिसरात क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार उभे राहिले. तेव्हा स्मरण कशाचे करावयाचे? साम्राज्याच्या पराक्रमाचे नव्हे, तर कोरडवाहू शेती व दुष्काळ यांच्या रेट्यात भरती झालेल्या माणसांच्या सोसण्याचे, असे त्याचे उत्तर देता येईल. एकाच गावात महायुद्धाची पाटी आणि स्वातंत्र्यसैनिकांचा फलक असेल, तर दोहोंचे वाचन एकत्र व्हावे.

समारोप

पंजाबातील सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या गाववार नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात होत्या. त्यांचे अंकीकरण होऊ लागल्यावर अनेक कुटुंबांना आपले पूर्वज सापडले. सातारा-सांगलीत हे काम गावापासून सुरू करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत विद्यार्थ्यांनी पाट्यांची छायाचित्रे व घरोघरच्या आठवणी संकलित कराव्यात, इतिहास विभागांनी आयोगाच्या नोंदींशी त्यांची पडताळणी करावी. मेळाव्यासाठी एप्रिल महिना दोन्ही दृष्टींनी योग्य आहे : शरणागतीचा दिवस त्यात येतो आणि गावोगावच्या यात्रांसाठी मुंबई-पुण्याची मंडळी तेव्हा घरी आलेली असतात. त्या दिवशी प्रत्येक गावाच्या पाटीवरील आकडा प्रथम वाचावा, नंतर सापडलेली नावे वाचावीत आणि उरलेला फरकही स्पष्टपणे सांगावा. पुढील वर्षीच्या कामाची सुरुवात त्या फरकापासूनच होईल.